झोप येत नाही, एवढंच

आमच्या घरात १९९९ साली जी कावीळ झाली, ती कावीळ नव्हती.

धाकटा भाऊ तेव्हा कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. तीन महिने माडीवरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून. अंघोळ नाही, जेवण नावाला, हाक मारली की डोळे भरून यायचे. सातारा तेव्हा आजच्याहून लहान होतं आणि आमची पेठ त्याहून लहान. कुणी विचारलं की आई सांगायची, "कावीळ झालीय, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय." लोक उसाचा रस आणून द्यायचे. एका आजींनी काविळीची माळ आणून दिली, ती गळ्यात घातली की दिवसेंदिवस लांब होते आणि कावीळ उतरते म्हणतात. आईने ती त्याच्या गळ्यात घातलीसुद्धा. खोटं टिकवायचं तर त्याचं पथ्य पाळावं लागतं. दोन महिने आम्ही सगळे बिनतेलाचं जेवलो.

मग तो आपोआप उठला. निदान आम्हाला तसं वाटलं. इंजिनिअरिंग सुटलं ते सुटलंच. पुढे त्याने फ्लेक्स छपाईचं मशीन टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली. कावीळ बरी झाली हे सगळ्यांनी पाहिलं.

हे एवढं जुनं सांगायचं कारण असं, की वीस-बावीस वर्षांनी त्याच्यासाठी थेरपिस्ट शोधायची वेळ आली तेव्हा आम्हाला नेमकं काय झालंय ते बोलता येईना. सवयच नव्हती. दुखण्याला दुसरं नाव देण्यात मात्र आमचं घर तरबेज.

दारूच्या बाबतीत तर मराठीने सोयच करून ठेवलीय. कुणी पीत नाही, 'घेतो'. मित्रांबरोबर 'बसतो'. काम संपल्यावर 'श्रमपरिहार' असतो. अण्णांच्या, आमच्या वडिलांच्या, पिढीत 'तीर्थ' होतं, आमच्यात 'कार्यक्रम'. धाकट्याच्या धंद्यात तर वाढदिवसाचे फ्लेक्स लावणारी मंडळी बिल अर्धं देतात आणि उरलेल्याचं "बसू की संध्याकाळी" असं म्हणून मिटवतात. सरकारही मागे नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला आजही परवाना लागतो, आणि तो कशासाठी दिला जातो, तर प्रकृती चांगली राखण्यासाठी! जिथे कायदाच कावीळ म्हणतो तिथे आईला काय बोलायचं?

२०१९ ला अण्णा गेले. २०२० मध्ये मशीन बंद पडून राहिलं. ना लग्नं, ना वाढदिवस, ना सभा. हप्ते मात्र चालू. तोवर शनिवारी घेणारा माणूस रोज घ्यायला लागला, मग दुपारी, मग सकाळी हात थरथरतो म्हणून. भावजय फोनवर सांगायची, "ताई, त्यांना ॲसिडिटी वाढलीय." मी समजायची. तिला कळायचं की मी समजलेय. आणि आम्ही दोघी ॲसिडिटीवर बोलायचो, जिरं भिजत घाल म्हणून.

मी पुण्यात एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. पहिला फोन मीच लावला, जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात उभी राहून. एका मैत्रिणीने समुपदेशकाचा नंबर दिला होता. पलीकडून मुलीने विचारलं, "कशासाठी अपॉइंटमेंट हवीय?" तेवढ्यात आमचा शिपाई चहाचा ट्रे घेऊन वर चढत आला आणि मी म्हणाले, "भावाला झोप येत नाही, एवढंच."

खोटं नव्हतं. त्याला खरंच झोप येत नव्हती. पण त्या वाक्याने जे दार उघडलं ते झोपेचंच होतं. तीन आठवडे तो साताऱ्याहून पुण्याला येऊन गेला. पाऊण तासाचे हजार रुपये. समुपदेशकांनी श्वासाचे व्यायाम दिले, रात्री मोबाइल लांब ठेवायला सांगितला, कॉफी बंद केली. त्यांची चूक म्हणता येत नाही. समोर आलं त्याला त्यांनी उत्तर दिलं. तिसऱ्या खेपेला मी त्याला स्वारगेटला सोडायला गेले तर गाडीत बसण्याआधी 'लघवीला जाऊन येतो' म्हणून तो वीस मिनिटं गेला. आला तेव्हा तोंडात बडीशेप. बडीशेपेचा तो वास मला अजून सहन होत नाही. लग्नाच्या पंगतीत ताटली पुढे आली तरी मी मान फिरवते.

दुसरं दार साताऱ्यातलंच. मानसोपचारतज्ज्ञ, एमडी. पाटीवर त्यांच्या नावाखाली मानसिक आजार, व्यसनमुक्ती आणि लैंगिक समस्या हे तिन्ही ओळीने. त्या पाटीखालून आत शिरताना पेठेतलं कुणी बघेल म्हणून धाकटा हेल्मेट घालूनच बसला होता, वेटिंग रूममध्येसुद्धा. आपल्याकडे 'ठाण्याला पाठवा' आणि 'येरवड्याला पाठवा' हे विनोद म्हणून बोलतात. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं, नागपूरचं तर १८६४ चं; म्हणजे शंभर-दीडशे वर्षं आपण हा एकच विनोद करतोय, आणि त्याची किंमत माझा भाऊ हेल्मेटमध्ये घाम गाळून चुकवत होता. आत सहा मिनिटं मिळाली. बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली. आपल्या देशात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. त्या डॉक्टरांनी तरी काय करावं. या वेळी मात्र भावजयीने धीर करून सांगितलं, "साहेब, हे रोज घेतात." डॉक्टर म्हणाले, "मग आधी ते बंद करा. ते चालू असताना या गोळ्यांचा काही उपयोग नाही. बंद झालं की या."

ती म्हणाली, "बंद कसं करायचं?" पण तोवर पुढच्याचं नाव पुकारलं होतं.

बंद कसं करायचं हे आपल्या समाजाला पूर्वीपासून माहीत आहे. श्रावणात. २०२३ ला अधिक श्रावण आला होता, म्हणजे दोन महिने. गटारी १७ जुलैला, सोमवारी. धाकटा म्हणाला, "या वेळी दोन्ही श्रावण पाळतो. एकोणसाठ दिवस. मग सुटलीच समज." आईने देवापुढे साखर ठेवली. त्याने गटारीला शेवटची म्हणून पोटभर घेतली आणि मंगळवारी सकाळी चपटी मोरीत ओतली. मला व्हिडिओ पाठवला. मी बँकेत बसून तो चार वेळा बघितला.

बुधवारी त्याला घाम फुटायला लागला. चहाचा कप धरवेना, बशी वाजायची. भावजयीला वाटलं, विष निघतंय अंगातलं, चांगलंच आहे. गुरुवारी रात्री तो भिंतीवरून मुंग्या झटकायला लागला. मुंग्या नव्हत्या. मग म्हणाला, हॉलमध्ये मशीन चालू राहिलंय, बंद कर. मशीन दोन गल्ल्या पलीकडे गाळ्यात होतं. मग अण्णांशी बोलायला लागला. अण्णांना म्हणत होता की फ्लेक्सवर तुमचा फोटो उलटा आलाय, सकाळपर्यंत दुरुस्त करून देतो. त्याची चौदा वर्षांची मुलगी दाराआड उभी राहून हे ऐकत होती. पहाटे त्याला झटका आला, दात आवळले, जीभ चावली.

मी पहिल्या गाडीने पोचले तेव्हा तो अतिदक्षता विभागात होता आणि बाहेरच्या टीव्हीवर इर्शाळवाडीची दरड चालू होती. चिखल, पाऊस, ओळीने बसलेली माणसं. भावजय त्या पडद्याकडे बघत होती, पण ते तिला दिसत होतं असं वाटत नाही.

तिथल्या फिजिशियननी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर! ते म्हणाले, रोज भरपूर पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूने सतत दाबलेला असतो. तो दाब झेलायला मेंदू ॲक्सिलरेटर पिळून ठेवतो. तुम्ही दारू एका दिवसात काढून घेतली, ॲक्सिलरेटर तसाच राहिला. म्हणून थरथर, घाम, झटके, भास. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे सगळ्यात वाईट होतं आणि यात माणूस जाऊ शकतो. त्याला वैद्यकीय देखरेखीखाली, गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत उतरवावं लागतं. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं द्यावी लागतात, ग्लुकोज चढवायच्या आधी. "श्रावण पाळा," ते म्हणाले, "पण आम्हाला सांगून पाळा."

'आधी बंद करा, मग या' या वाक्यात एवढं सगळं गाळलेलं होतं.

त्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर नातेवाइकांची रीघ लागली आणि प्रत्येकाच्या खिशात एक उपाय. आमचे एक चुलत काका माळकरी. ते म्हणाले, पंढरपूरला नेऊन माळ घाला. मी हसले नाही. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिलीत, त्या काकांचे वडील त्यातलेच. पण धाकट्याच्या गळ्यात एक माळ आधी घालून झाली होती. कुणी एका बाबाचा पत्ता दिला, अमावास्येला औषध देतो म्हणे. आणि मग भावजयीने मला कोपऱ्यात नेऊन पर्समधून एक पुडी काढली. एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेलं असतं ना, 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा', तिथून मागवलेली. दोनदा भाजीत घातली होती. मी ती पुडी फिजिशियनना दाखवली. यात काय आहे ते तपासल्याशिवाय कळणार नाही, ते म्हणाले. पण डायसल्फिरम नावाचं एक खरं औषध असतं, ते घेऊन वर दारू प्याली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे आणि ज्याने स्वतः होकार दिलाय त्याच्यासाठी ती काठी आहे. नकळत दिलं तर तोच खड्डा. भावजय रडायला लागली. "मी त्यांना मारलं असतं का हो?" मी काय सांगणार? मी स्वतः झोपेच्या डॉक्टरकडे नेणारी.

घरी आल्यावर आठवडाभराने एक फोन आला. कुणीतरी आमचा नंबर दिला होता. "ताई, काही काळजी करू नका. आम्ही गाडी घेऊन येतो. चार पोरं असतात. रात्री उचलतो, सहा महिन्यांनी माणूस करून देतो." दर महिन्याला अमुक हजार. मी हो म्हणायच्या अगदी बेतात होते हे कबूल करते. थकलं की माणसाला 'उचलतो' हा शब्द फार गोड लागतो. सुट्टी काढून बघायला गेले. शेतातलं घर, बाहेरून कडी. आत गाद्या ओळीने, माणसं ओळीने. मी विचारलं, डॉक्टर कधी येतात? म्हणाले, लागेल तसे. मी विचारलं, त्याला उदासीचाही आजार आहे, त्याच्या गोळ्या? "इथं गोळ्या चालत नाहीत. गोळी पण नशाच."

परत येताना गाडीत मला हसू आलं, वाईट प्रकारचं. डॉक्टर म्हणाले, दारू सोडून या. हे म्हणाले, गोळ्या सोडून या. माझा भाऊ अर्धा एका दारात, अर्धा दुसऱ्या. पूर्ण माणूस घ्यायला कुणी तयार नाही. पुढे विमा कंपनीनेही तेच केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २१ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा आहे, मी कलम छापून सोबत जोडलं. उत्तर आलं, पॉलिसीतल्या बाराव्या अपवादाप्रमाणे मद्यपानाचे उपचार बसत नाहीत. म्हणजे उदास असेल तर द्यायचे आणि प्यायला असेल तर नाही. आणि जो उदास आहे म्हणून पितो, किंवा पिऊन उदास होतो, त्याने आपल्या बिलाच्या कोणत्या ओळीखाली रेघ मारायची?

त्याच कायद्यात व्यसनातून येणारे मानसिक आजारही धरलेत, अशी ठेवून घेणारी केंद्रं राज्य प्राधिकरणाकडे नोंदवलेली असावी लागतात, आणि माणसाला साखळीने बांधणं तर सरळ मना आहे. हे मला नंतर वाचून कळलं. त्या शेतातल्या घरात मी नोंदणीचा कागद मागितलाच नव्हता. याची मला अजून लाज वाटते, कारण कागद मागणं हा माझा धंदा आहे. दोन लाखांच्या कर्जाला आम्ही जामीनदाराच्या वीजबिलापर्यंत सगळं मागतो. आणि भावाचं डोकं ज्याच्या हातात द्यायचं त्याला 'तुमचं शिक्षण काय' हे विचारताना जीभ जड झाली होती. उद्धटपणा वाटला होता.

मग मी बँकेत करते तसं बसले. वही घेतली. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे आधी एमबीबीएस मग मनोविकारशास्त्रातली पदवी, गोळ्या ते देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळे, त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर असतो, तो मागितला तर चांगला माणूस रागावत नाही. समुपदेशक ही पाटी मात्र व्यवहारात कुणीही लावतो. त्यात सोन्यासारखी माणसं आहेत आणि दोन दिवसांचं शिबिर करून बसलेलीही आहेत. वहीत मी आणखी एक रकाना केला, 'दोन्ही एकत्र?' आणि फोन करत सुटले. त्या रकान्यात पंधरा दिवस फुल्या पडत होत्या.

पुण्यातच राहून मला मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राचं नीट माहीत नव्हतं, हेही सांगायला हवं. नाव ऐकलेलं, येरवड्याच्या रस्त्यावर पाटी बघितलेली. २९ ऑगस्ट १९८६ ला ते सुरू झालं, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीने, मनोरुग्णालयाच्याच आवारात. तिथे येणाऱ्याला 'रुग्णमित्र' म्हणतात हे वाचलं तेव्हा मी थांबले. आमच्या पेठेत त्याच माणसाला जे म्हणतात ते इथे लिहीत नाही. आणि बायकांच्या गटाचं नाव 'सहचरी'. कुणीतरी १९८६ पासून बसून या दुखण्यासाठी मराठी शब्द घडवत होतं आणि आम्ही सत्तर मैलांवर जिरं भिजत घालत होतो. धाकटा तिथे गेला नाही. "येरवडा म्हटल्यावर नाही," एवढंच म्हणाला. विनोदाची किंमत पुन्हा एकदा.

सप्टेंबरमध्ये, निज श्रावण संपायला आला होता तेव्हा, रात्री दोन वाजता भावजयीचा फोन आला. तो पुन्हा प्यायला होता आणि गच्चीवर बसून होता. खाली ये म्हटलं तर म्हणत होता, आता पुरे, मला जगायचंच नाही. मी धनकवडीत, तो एकशे दहा किलोमीटरवर. एका हातात भावजयीचा फोन, दुसऱ्या हातात मुलाचा मोबाइल. ऑफिसातल्या एका पत्रकावर १४४१६ हा नंबर बघितल्याचं आठवलं. टेलिमानस, केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन, २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेली. मराठी निवडलं. पलीकडे एक मुलगी, पंचविशीची असेल. "बोला."

जिन्यात शिपाई नव्हता. माझ्या तोंडून आलं, "माझा भाऊ दारू पितो आणि त्याला जगावंसं वाटत नाही. वीस वर्षांपासून वाटत नाही. आम्ही कावीळ सांगायचो."

कावीळ तिला काय कळली असेल देव जाणे. तिने विचारलं, "आत्ता त्याच्याजवळ कोण आहे?"

इतक्या दारांत इतक्या माणसांनी इतकं विचारलं होतं. कधीपासून, किती, कोणती, विमा आहे का. हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, बायको जिन्यात आहे. "तिला सांगा, उपदेश करू नका, रडू नका, नुसतं शेजारी जाऊन बसा. गच्चीवरून आत आणा. एकटं सोडू नका. सकाळी सिव्हिलला न्या, वाट बघू नका." भावजय जाऊन बसली. तिने मला नंतर सांगितलं, ते दोघं पहाटेपर्यंत समोरच्या मंगल कार्यालयाचं लाइटिंग बघत होते. मग तोच उठून खाली आला.

सिव्हिलमधल्या मानसोपचार विभागाने त्याला दहा दिवस ठेवून घेतलं, दारू रीतसर उतरवली, आणि तिथल्या एका सिस्टरने कागदाच्या कपट्यावर एक नंबर लिहून दिला. "हे दोघं एकत्र बघतात," ती म्हणाली. माझ्या वहीतला रकाना तिला कुणी सांगितला होता कोण जाणे.

एकाच मजल्यावर शेजारी-शेजारी दोन खोल्या. एकीत मानसोपचारतज्ज्ञ, दुसरीत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बाई. मधलं दार बहुतेक वेळा उघडंच. पहिल्या दिवशी धाकटा बाहेर येऊन म्हणाला, "ताई, ती माझ्या पुतणीएवढी आहे. तिला काय सांगू?" त्याला पुतणी नाही. मी म्हटलं, "अजून दोनदा जा. नाही पटलं तर दुसरं बघू." हे मी वहीतूनच शिकले होते. चप्पल पायाला लागते म्हणून कुणी चालणं सोडत नाही, पण थेरपिस्ट एक पटला नाही की 'त्यात काही अर्थ नसतो' म्हणून मोकळं होतात.

दुसऱ्या खेपेला त्या बाईंनी त्याला 'का पिता' असं विचारलंच नाही. विचारलं, "प्यायल्यावर काय बरं होतं?" तो मला हे फार आश्चर्याने सांगत होता. त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याला पहिल्यांदा कुणी दारूचं चांगलं काय ते विचारलं होतं. तो म्हणाला होता, "मशीन थांबतं." फ्लेक्सच्या मशीनचा आवाज, तो पुढे-मागे धावणारा हेड, घरी आल्यावरही डोक्यात चालूच राहायचा. आणि मशीन नव्हतं तेव्हाही, कोल्हापूरच्या हॉस्टेलमध्येही, काहीतरी असंच चालू असायचं. अण्णा आपल्याला नापास म्हणतील, हे. अण्णा गेल्यावरही ते बंद झालं नाही. मग गोळ्या, मग दर गुरुवारी ती खोली, मग संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात भरणारी एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग. तिथे त्याने कधी काय सांगितलं ते मला माहीत नाही. तिथलं तिथेच राहतं आणि ते बरं आहे.

एक गुरुवार त्या बाईंनी माझ्यासाठी ठेवला. मला वाटलं, प्रगती सांगतील. त्यांनी विचारलं, "मशीनचे किती हप्ते तुम्ही भरलेत?" मी आकडा सांगितला. "त्याला माहीत आहेत?" निम्मे नव्हते. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. बोलायची गरज नव्हती. बुडणाऱ्या खात्यात दर मार्चला नवं कर्ज ओतायचं, जुना हप्ता त्यातून वळता करायचा आणि खातं कागदावर धडधाकट दाखवायचं, याला आमच्याकडे एव्हरग्रीनिंग म्हणतात. असं करणाऱ्या मॅनेजरची चौकशी लागते. मी चार वर्षं तेच करत होते आणि मला त्याचा अभिमान होता, धाकट्यासाठी ताई किती करते म्हणून. घरी जाऊन मी बराच वेळ काहीच केलं नाही. पुढचा हप्ता भरला नाही. मशीन विकायला लागलं. तो माझ्याशी तीन आठवडे बोलला नाही, आणि त्या तीन आठवड्यांत प्यायलाही नाही. याचा एकमेकांशी काही संबंध आहे असा माझा दावा नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात तो घसरला. विधानसभेची निवडणूक होती, मशीन नव्हतं तरी दुसऱ्यांच्या गाळ्यात डिझाइनचं काम होतं, रात्री होत्या, आणि 'बसू की' होतंच. चार दिवस. त्यांच्या भाषेत 'स्लिप'. पाचव्या दिवशी त्यानेच क्लिनिकला फोन लावला. मी दिवाळीची राहून गेलेली भाऊबीज करायला गेले होते, स्वयंपाकघरात होते, बाहेरून आवाज आला: "मी परत प्यायलोय. एकदम बंद करणार नाही, आधी तिकडे येतो." मी चकली तळत होते, ती काळी झाली.

२०१९ साली एम्सची पाहणी प्रसिद्ध झाली, केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने करून घेतलेली. तिच्यात होतं, दारूवर अवलंबून असलेल्या अडतीस माणसांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. हा एक आमच्याकडचा. बाकीच्या सदतीस घरांत काय भिजत घातलं असेल, ते मला बघितल्यासारखं दिसतं.

यंदा मे महिन्यात नात्यात लग्न होतं, कराडजवळ. पंगतीत काकूंनी आईला विचारलं, "धाकटा मध्ये दिसला नाही कुठं वर्षभर?" आई अठ्ठ्याहत्तरची. तिच्या ओठांवर तो शब्द आलेला मला दिसला. "त्याला नं, का..." धाकटा समोरच बसला होता. त्याने ताटातली जिलबी मोडली आणि म्हणाला, "सिव्हिलला होतो, काकू. दारू सोडवायला. आणि डिप्रेशन आहे मला, त्याच्या गोळ्या चालू आहेत."

काकू म्हणाल्या, "बरं बरं. मठ्ठा घे." आईने पदर सारखा केला. वाढपी पुढे गेला.

हात धुवायला गेले तर काकू माझ्यामागून आल्या. नळ सुरू केला, पण हात धुतले नाहीत. "तो नंबर आहे का गं तुझ्याकडं? आमच्या शेजारणीच्या मुलाला पाहिजे होता. त्याला झोप येत नाही म्हणे."

त्यांच्या शेजारणीला मी ओळखते. तिला मुलगा नाही. मी म्हटलं, "काकू, फोन केलात की झोपेचं सांगू नका. जे आहे ते सांगा." त्या नळाकडे बघत राहिल्या. मग मोबाइल माझ्या हातात दिला. मी दोन्ही नंबर टाकले, सिस्टरने दिलेला आणि १४४१६. आणि विचारलं, "नाव काय टाकू?"

"गॅसवाला टाक," काकू म्हणाल्या.